कांद्याची खोली

पिरेअसच्या धक्क्यासमोर, चौथ्या मजल्यावर माझी खुर्ची.
खिडकीतून एजिनाला जाणारी बोट दिसते,
पण मी बघतो तो पडदा:
एकोणीस जहाजं, एकोणीस हिरवे ठिपके.
ठिपका लाल झाला की माझा फोन वाजतो,
मग ईस्टर असो, नाहीतर मुलीचं लग्न.
(लग्नात वाजलाच. सुएझच्या रांगेत कुणाचा तरी प्रिंटर अडला होता.)

कार्डावर छापलंय आयटी मॅनेजर, दोन भाषांत.
खालचा कॉफीवाला पानागोस मात्र अजून
"काय मार्कोनी" म्हणूनच कप पुढे सरकवतो.
त्यानं मला पाहिलंय पांढऱ्या सदऱ्यात,
'एव्हान्थिया' गोदीतून नवी कोरी निघाली त्या साली.
तिचा पहिला रेडिओ ऑफिसर मी.
आणि शेवटचाही.

ब्रिजच्या मागे माझी खोली, रंगाचा वास न गेलेली.
रात्री कानात सगळा समुद्र
कट्ट कडकट्ट, कट्ट कडकट्ट.
माणूस बोटावरून ओळखू यायचा.
ओडेसाचा एक होता, नाव कधी कळलं नाही,
प्रत्येक लांब ठोक्याआधी जरासा अडखळायचा,
अंधारात पायरी चुकावी तसा.
नव्याण्णव साली एक दिवस तो आलाच नाही.
पुढच्या महिन्यात मीही नव्हतो.
कंपनी म्हणाली, हे आता यंत्र करेल, तू यंत्र शिक.
शिकलो.
रिकामी खोली कशाला ठेवा,
म्हणून आचाऱ्यानं तिथे कांद्याची पोती रचली.

आता तिसरा ऑफिसर, इलोइलोचा जोमेल आब्रेनिका,
हिंदी महासागरातून फोन करतो,
"सर, पासवर्ड घेत नाही."
कॅप्स लॉक बघ.
शांतता.
"सॉरी सर."
त्या सॉरीमागे इंजिनाची घरघर असते.
मी उगाच विचारतो, हवा कशी आहे,
आणि फोन आणखी थोडा वेळ कानाशी धरतो.

गेल्या मंगळवारी चार ओळींचा मेल:
'एव्हान्थिया' विकली. अलिआगाला, तोडायला.
सोबत माझा फॉर्म. उपग्रहाचा करार थांबवा,
बावीस मेलबॉक्स बंद करा, नकाशांचं लायसन परत.
अलिआगा काही लांब नाही,
आमच्याच समुद्राचा पलीकडचा काठ.

शुक्रवारी सकाळी जोमेल. "सर, चाळीस मिनिटांत
पूर्ण वेगानं वाळूवर चढवायचंय. सर्व्हर बंद करू?"
थांब, म्हटलं. आधी कांद्याच्या खोलीत जा.
पोत्यांमागे भिंतीला टेबल आहे का बघ.
खूप वेळ खरखर. पोतं ओढल्याचा आवाज.
"आहे सर. कडेला सिगारेटचे डाग.
मधोमध चार भोकं आहेत. कसली?"
सांगायला गेलो तर
एवढ्या वर्षांचं मला एका वाक्यात बसवता येईना.
स्क्रूची, म्हटलं.
"बरं सर," जोमेल म्हणाला. मग जरा थांबून,
"सर, दीड पोतं कांदे उरलेत. कुणाला विचारायचं?"
यासाठी फॉर्म नाही, म्हटलं. घेऊन जा.

फोन ठेवला आणि तिला पिंग पाठवला.
पिंग म्हणजे काही नाही, फक्त 'आहेस का?'
वर आकाशात जाऊन खाली येईपर्यंत
पाऊण सेकंद.
आहे.
आहे.
आहे.
चौथ्याला यंत्रानं लिहिलं, वेळ संपली.

ठिपका लाल झाला नाही, राखाडी झाला.
पडद्यानं विचारलं, यादीतून काढण्याचं कारण निवडा:
विकलं, बुडालं, इतर.
मी बघत राहिलो.
टेबलावर माझं बोट आपसूक काहीतरी वाजवत होतं,
लांब ठोक्याआधी जरासं अडखळत.

शेजारच्या टेबलावरची दिमित्रा म्हणाली,
"तुमचा फोन वाजतोय."