पूर्वेला मावळताना

फुजैराहमध्ये दिवस पाठीमागून संपतो.
पश्चिमेला डोंगर. सूर्य त्यांच्याआड गेला
की आधी गाव विझतं, मग मासळीबाजार, मग आमच्या टाक्या.
समुद्रात नांगरलेली जहाजं मात्र
अजून दहा मिनिटं उन्हात,
जणू त्यांना कुणी कळवलंच नाही.

टाकी क्रमांक चौदा. एकशे आठ पायऱ्या.
जूनचा शेवटचा आठवडा;
हातमोज्यातूनही कठडा चटका देतो.
पितळी ओळंबा तेलात सोडतो,
फीत ओली झाली तिथवर वाचतो:
तेरा मीटर, चारशे बावीस मिलिमीटर.
वॉकीटॉकीवर सांगतो.
हेच माझं काम,
आत अंधार किती खोल आहे
ते बाहेर उभं राहून सांगणं.

त्या संध्याकाळी डोंगरांवर ढग चढले होते,
पावसाचे नव्हेत, नुसते उन्हाने फुगलेले.
त्यांच्या फटींतून उजेडाचे पट्टे सुटले
ते डोक्यावरून, टाक्यांवरून, जहाजांवरून
थेट पूर्वेला गेले,
आणि जिथे सूर्य असायचं काही कारण नाही
तिथे, पाण्याच्या कडेला,
निऱ्या एका चिमटीत धराव्यात तसे
पुन्हा गोळा झाले.
एक घडी उजेडाची, एक ढगाच्या सावलीची,
एक उजेडाची.

पीरबख्श वर आला, बघून म्हणाला, “दूसरा सूरज.”
आणि पश्चिमेकडे तोंड करून
पत्र्यावर चटई अंथरली त्याने.
माझं तोंड पूर्वेला.
आमच्या पाठी एकमेकींकडे,
मध्ये तेलाचा वास.

मी हिशोब केला: ज्येष्ठातल्या सूर्याच्या बरोबर समोर
हर्णै येतं.
म्हणजे या सगळ्या निऱ्या आमच्याच अंगणात खोचलेल्या.
फोटो पाठवला.

ऋजुता बारावीत आहे, नावासारखीच सरळ.
लिहिते, “बाबा, त्या रेषा कुठेच मिळत नाहीत.
समांतर आहेत. लांब गेल्या की मिळाल्यासारख्या दिसतात.
इथे आठ चाळीस झालेत, काळोख आहे, आम्ही जेवतोय.”

तोवर पट्टे विरले.
समुद्रातून एक निळसर राखाडी पट्टा वर आला,
त्याच्यावर गुलाबी किनार, धुऊन विटलेली.
तोही पाठवला.

“ही पृथ्वीची सावली,” तिचं उत्तर.
“तुम्हीही आहात तिच्यात.
पण तुमची आणि डोंगराची वेगळी नाही काढता येणार.”

घरावर पडली का?

बराच वेळ ‘टाइप करत आहे’.
जेवणाच्या उष्ट्या हाताने की वहीत मांडून, कोण जाणे.
“पडणार नाही. सावली सरळ जाते, जमीन खाली वळते.
दोन हजार किलोमीटरवर आपलं घर,
तोवर ती जवळजवळ तीनशे किलोमीटर उंच गेलेली असते.
आपल्या छपरावरून जाते, बाबा. फक्त उंचावरून.”

मी नऊ वर्षं इथे आहे.
पैसे पोहोचतात, खजूर पोहोचतात,
माझ्या मापाचा शर्ट भावाला नेमका बसतो.
आणि रोज संध्याकाळी असंही काही जात होतं,
कौलांना न शिवता,
कुत्रं न भुंकता,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

“हात हलवा,” तिने लिहिलं. पुढे हसरा चेहरा.

पीरबख्श चटई गुंडाळत होता.
मी फीत कठड्याला अडकवली,
हेल्मेट नीट केलं उगाच,
आणि उजवा हात वर केला,
पूर्वेकडे,
त्या राखाडी पट्ट्याकडे, जो आता जहाजांच्याही वर आला होता
आणि किनार गिळत होता.

खाली फाटकापाशी एका टँकरवाल्याला वाटलं
मी थांब म्हणतोय.
तो थांबला.
त्याच्या मागचाही थांबला.
वॉकीटॉकीत कुणीतरी विचारलं, चौदा नंबर, काय झालं?

काही नाही, म्हटलं.
माप पुन्हा घेतो.