दीड

साप्पोरोत, तळघरात, उणे पंधराची खोली.
कुवाबारा शिनो बर्फाचा ठोकळा
भरलं पातेलं उतरवावं तसा
जपून स्टँडवर ठेवते.

मग दार. मग लाल दिवा. मग बंदूक.
सात मिलिमीटरची नायलॉनची गोळी.
आवाज म्हणाल तर खडू मोडावा एवढाच,
आणि ठोकळ्यात एक वाडगा,
कडा उखणलेल्या,
आणि सगळीकडे चुरा.

तिचं काम इथून पुढचं.
मऊ कुंचल्याने ती जमिनीवरून, भिंतीवरून,
कॅमेऱ्याच्या काचेवरून
बर्फ झाडून ट्रेमध्ये घेते,
तोंड बाजूला वळवून, कारण श्वासानेही वजन बदलतं.
खड्ड्यातून गेलं किती, हाती आलं किती.
एकोणीस वर्षांत हिशेब एकदाही जुळला नाही.
वहीत शेवटचा रकाना आहे : सापडलं नाही.

मी विचारलं, तिकडे, गुरूच्या चंद्रांवर,
न सापडलेलं जातं कुठे?

बरंचसं तिथेच पडतं, ती म्हणाली,
खड्ड्याभोवती पांढरे फटकारे ओढत,
पडता पडता आणखी बारके खड्डे पाडत.
ते दुसरे.
थोडं मात्र सुटतं.
चंद्राच्या हातून निसटून ग्रहाभोवती हिंडत राहतं
वर्ष, दहा वर्षं, शंभर,
आणि एखाद दिवशी त्याच चंद्रावर येऊन आदळतं.
तो खड्डा पहिला नाही. दुसराही नाही.

माझ्या भाषेत आकडा तयारच होता.
दीड, मी म्हटलं.
दीडो, तिने म्हणून पाहिलं, आणि हसली.

मग कुंचला झटकत, कोणी न विचारता :
नेमुरोला, जेवताना,
वडील एकदा एकच वाक्य बोलले.
भाऊ उठला, बूट घातले, गेला.
ट्रॉलरवर होता म्हणे. मग कुठे, कोणास ठाऊक.
बाराव्या वर्षी आला, मार्चमध्ये,
समुद्रावरचा बर्फ फुटत असताना,
हातात खारवलेल्या माशाचा डबा.
दार त्याने हळूच लावलं.
कोणी आवाज चढवला नाही.
वडील फक्त म्हणाले, भात गार झालाय.

हळू येतं ते, शिनो म्हणाली,
पहिल्याच्या मानाने फारच हळू.
खड्डा पडायचा तो पडतोच.

बाहेर येऊन तिने कोटाची बाही उलगडली.
दुमडीत एक कण होता, तांदळाएवढा.
वजनकाट्यापर्यंत नेईतो त्याचं पाणी झालं.
रकान्यातलं तिने काही खोडलं नाही.