उलटा पीळ

ब्रनोत रात्रभर बर्फ पडत होता.
पहाटे पालिकेची गाडी मीठ फेकत गेली.
क्वेतोस्लावाच्या बुटांवर पांढरी रेघ उठलीय,
ती पुसत नाही.

क्वार्ट्झच्या चौकोनी नळीत कालपासून
सी जी सी जी सी जी,
नुसती आलटून पालटून विणलेली साखळी,
उजवीकडे वळणारी,
शहाण्या मळसूत्रासारखी.

आता मीठ. थोडं. आणखी.
समुद्रानंही तोंड वाकडं करावं इतकं.

आणि पडद्यावरच्या रेषेत
डोंगर होता तिथं दरी.
प्रत्येक जी कूस बदलतो,
कणा नागमोडी होतो,
जिना डावीकडून चढायला लागतो.

शेजारच्या नळीत ए आणि टी.
तेच मीठ, तेवढंच, त्याच हातानं.
ती ढिम्म.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात.
इथं जळलं काहीच नाही,
एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही,
आणि पीळच उलटा फिरला.
बसण्याच्या क्रमातच असावं हे वळण,
खारट दिवसाची वाट बघत.

वहीत तारीख, तापमान.
पेन उजव्या हातात.
शाळेत बाईंनी डाव्यावर पट्टी मारमारून
तो तसा वळवला होता;
अक्षर अजूनही सुबक येतं.

उद्या मीठ धुऊन काढायचं,
साखळी परत उजवीकडे जाईल.
खिडकीखाली ट्राम घसरत थांबते.
क्वेतोस्लावा बूच काढायला हात पुढे करते.
डावा.