एकच वेढा

क्लाइडबँकला, लाँड्रीच्या मागच्या खोलीत
सेंगा गॅलब्रेथ तांब्याची तार गुंडाळते.
केसाहून बारीक तार, आईच्या शिवणयंत्रावर.
सुई काढून टाकलीय. बॉबिनच्या जागी पिकअपचा सांगाडा,
पायाखाली तीच पट्टी.
आईने यंत्र कारखान्यातून सवलतीत घेतलेलं.
कारखान्याला टाळं लागलं, हप्ते चालू राहिले.

आठ हजार वेढे. आकडे मोजणारी डबी टिकटिकते.
सहा हजार आठशे बाराव्याला तार तुटते.
ती शिवी देत नाही, चष्मा पुसते.
"तू शिंकलास," म्हणते मला,
आणि पुन्हा एकपासून.

माझी गिटार महिनाभर तिच्याकडे, पोट उघडं टाकून.
मी एवढंच म्हणालो होतो, हिची घरघर घालव.
तिने ऐकलं, पण निराळ्याच कानाने.

पहिला पिकअप मोडक्या हार्ड डिस्कच्या चुंबकांचा.
चुंबकं इतकी हावरी की तारांनाच खाली ओढायची,
सूर उमटायच्या आत त्याचा गळा धरायची.
"फार जीव लावला की असं होतं,"
सेंगा म्हणाली, आणि पक्कडीला चिकटलेला तुकडा
दोन्ही हातांनी सोडवत बसली.

दुसरा तिने मेणात बुडवलाच नाही.
सैल वेढे, जो तो आपल्या जागी थरथरणारा.
त्याला तारा नसतानाही ऐकू यायचं:
टेबलावर टेकवलेला कप,
पलीकडच्या ड्रायरमध्ये आपटणारं कुणाचं तरी बटण.
मिसेस पाओलेत्ती कुत्र्यावर ओरडल्या
तेही अँप्लिफायरमधून आलं, विहिरीतून यावं तसं.
सेंगा हसत सुटली. मग तेही आलं.

तिसरा जळला.
त्याबद्दल ती बोलत नाही.
खिडकीत ठेवलाय फक्त: काळा पडलेला, पीळ शाबूत.

चौथ्याला तार नव्हतीच.
कौन्सिलने आईचा फ्लॅट पाडला तेव्हा
स्वयंपाकघरातून कापून आणलेली पाण्याची नळी,
चिरून, ठोकून, वाकवून केलेला
एकच वेढा. करंगळीएवढा जाड.
"आठ हजारदा सांगून पटत नाही ते
एकदाच सांगून बघू."
आवाज मुंगीएवढा. त्याला मोठं करायला
अंगठ्याएवढा ट्रान्सफॉर्मर.

मी वाजवलं.
नखाचं खरखरणं आलं, बोटाचा घाम आला,
आणि अकरा वर्षं मी गोंगाटाखाली दडपलेलं तेही:
अनामिका पडद्यावर उशिरा पोचते.
"हा नको," मी म्हणालो.
"नकोच म्हणशील," ती म्हणाली.
पण मोडला नाही. फळीवर ठेवून दिला.

मग मला हवं ते दिलं. शेजारी शेजारी दोन वेटोळी,
एक सुलटं, एक उलटं.
घरघर दोघांत शिरते आणि एकमेकींना खाऊन टाकते.
तारेचा आवाज मात्र दोघांकडून येतो, दुप्पट.
डाग देता देता ती म्हणाली,
"आई अ‍ॅग्नेस. तिची अक्षरं मागून वाचली की मी.
आमच्याकडे ठेवतात अशी नावं.
घरात दोघी असलो की..."
कथिल सांडलं. ती ते खरवडत राहिली.
मी पुढचं विचारलं नाही.

पैसे दिले, पिशवीची चेन लावली.
दाराशी जमिनीवर खडूची फुली दिसली.
"ही कसली?"
"एकट्या वेढ्याला जोडीदार नसतो.
फ्रिज, रस्त्यावरचा दिवा, ड्रायर, सगळ्यांची भुणभुण त्याच्यात.
मग आपणच वळायचं."

तिने फळीवरचं ते धूड माझ्या हातात दिलं,
फुलीवर उभं केलं, खांद्याला धरून फिरवलं.
खिडकी गेली. नदीकडची भिंत गेली.
कॅलेंडर आणि इस्त्रीच्या टेबलामधल्या
बोटभर फटीकडे तोंड झालं
आणि सगळं थांबलं.

"आता वाजव."

अनामिका उशिराच आली.
पण आली.