आलं का

मौला चावीवाला फोनवर दोनच शब्द बोलतो:
"छोड दिया."
म्हणजे लोखंडी चावी फिरली, दाजी पेठेचा व्हॉल्व्ह उघडला,
आणि मी अंथरुणातूनच एका रकान्यात
शून्याचा एक करतो.
एवढंच आहे माझं अ‍ॅप.
नाव आधी ‘पाळी’ ठेवलं होतं, पाण्याची पाळी.
बहीण इतकी हसली की तिला शेंगाचटणीचा ठसका लागला.
आता त्याला ‘आलं का’ म्हणतात.

पहिली जागा फुकटातली होती.
पंधरा मिनिटं कुणी फिरकलं नाही की यंत्र झोपायचं
आणि उठायला त्याला पन्नास सेकंद.
अंबव्वा कोंड्याल म्हणाली, तुझं चाक गोल गोल फिरेपर्यंत
मी नळाला कान लावून आले.

मग मोठ्या कंपनीकडे गेलो.
भाव काढायला तक्ता, तक्त्यात चाळीस खण,
प्रत्येक खणात असा प्रश्न, ज्याचं उत्तर
येत असतं तर मी पुण्यात असतो.
पहिलं बिल अकराशे बावीस.
त्यातले तीनशे कशाचे, तर पत्त्याचे.
यंत्राचे वेगळे, यंत्राच्या पत्त्याचे वेगळे.

जर्मनीत स्वस्त होतं.
म्हणजे अंबव्वाचा प्रश्न विडी घरकुलातून निघणार,
समुद्राखालून परक्या मुलखात जाऊन विचारणार,
"आमच्या गल्लीत पाणी आलं का?"
आणि तसाच परत येणार.
चाललं असतं. डोळ्याची पापणी लवेपर्यंतचा फरक.
पण मला लाज वाटली, का ते सांगता येत नाही.

शेवटी मुंबईतलं एक लहान यंत्र घेतलं,
एक कोर, एक जीबी, महिना चारशे ऐंशी, कर वेगळा.
नाना टॉवेलच्या कारखान्यातून आले.
कानांत मागाचा खडखडाट, म्हणून घरातही ओरडूनच बोलतात:
"एक्कड उंदी? कुठंय ते?"
दिसत नाही, नाना. भाड्याचं आहे.
"भाड्याचा माग मी आधी हात लावून बघतो,
तेल कुठं गळतंय, पट्टा किती झिजलाय."
मी काळी खिडकी उघडली, एक ओळ टाइप केली.
यंत्र म्हणालं: चालू आहे, सहा दिवस चार तास.
ओझं, शून्य दशांश शून्य तीन.
नानांनी कपाळावर हात मारला.
"रिकामा माग फिरवतोस!
पाणी पाचव्या दिवशी. मग चार दिवस भाडं कशाचं?
पाण्याच्या दिवशी लाव, नंतर बंद कर."

हुशार लोक यालाच मोठं नाव देतात
आणि त्यावर परिषदा भरवतात.

म्हणून मी नोंदी काढल्या, कुठल्या दिवशी किती जण येतात.
पाण्याच्या दिवशी तीनशे दहा.
धार लागल्यावर पान कोण बघतं?
कोरड्या तिसऱ्या दिवशी दोन हजारांवर.
चौथ्या रात्री एकच फोन:
एक चाळीस, दोन पाच, दोन सहा,
पुन्हा दोन सहा.
सतरा वेळा विचारलं. सतराही वेळा
यंत्रानं क्षणात सांगितलं: नाही.

नानांना वाचून दाखवलं.
ते बराच वेळ बनियनवरचे सुताचे तुसे वेचत बसले.
"असू दे चालू," म्हणाले,
पहिल्यांदा हळू आवाजात.

महिन्याभरानं मीच एक चुकीची आज्ञा दिली
आणि सगळे रकाने पुसले.
पेठा, गल्ल्या, दीड वर्षाच्या वेळा.
बॅकअपचे महिना ऐंशी रुपये वाचवले होते मी.
आई मोरीत पाठमोरी उभी.
तिच्या कोपऱ्यात एक हंडा कायम झाकलेला,
नवं पाणी येईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही.
त्यातला एक पेला प्यायलो म्हणून
सातवीत मार खाल्लाय मी.

ऐंशी रुपये भरले. मग मौलाला फोन लावला:
भाई, वेळा पुन्हा सांगता का? सगळ्या?
पलीकडे सायकल स्टँडवर चढल्याचा आवाज.
"सब? बैठ फिर. लिख.
साखर पेठ, कोने की मस्जिद के पीछे,
रात के ढाई. नहीं,
पौने तीन लिख, उधर पाइप चढ पे है."