पाठचा

हार्टलपूलचं आमचं पोस्ट म्हणजे किराणा दुकानाचा मागचा कोपरा.
काउंटरवर प्लास्टिकची पट्टी, पट्टीला एक फट.
फटीतून गेलं ते पत्र,
अडकलं ते पार्सल, पैसे जास्त.
पुस्तक पहिल्यांदा निघालं तेव्हा सहज गेलं होतं म्हणे.
माझ्याकडे आलं ते पोट सुटलेलं,
रबरबँडनं आवळलेलं.

पुठ्ठ्याच्या आत सात नावं.
वाचा, खूण करा, पुढे पाठवा.
सुरुवात वेल्समधल्या ग्लेनिसबाईंची, शाई हिरवी.
लूटनचे ऑटली, निवृत्त बसड्रायव्हर,
जुन्या तिकिटांच्या पाठीवर लिहून पानात ठेवणारे
(जाडी वाढली ती त्यांच्यामुळे).
कीथलीच्या फरजानानं अख्ख्या पुस्तकात एकदाच लिहिलंय :
हा मूर्ख आहे. माझा भाऊपण.
चौथा मी.

गोष्ट तशी पोरासोरांची.
धाकट्याच्या हातून नावांची शेड पेटते
आणि थोरला पोलिसांना सांगतो, मीच.
मग तो सुधारगृहात, आणि धाकटा दर रविवारी
दोन बसेस बदलून भेटायला जातो,
समोर बसतो,
काही बोलत नाही.
चौदा वर्षांच्या मुलानं एका बैठकीत संपवावी एवढीच.
मला अकरा आठवडे लागले.
ग्लेनिसबाईंचं पोस्टकार्ड आलं : तब्येत बरी आहे ना?

तब्येतीला काय झालंय.

आमच्याकडे उलटं झालं होतं.
मिरज, ब्याऐंशी साल. अण्णांच्या कोटाच्या खिशातले चारशे रुपये.
मी सोळाचा, रमीत हरून बसलेला.
कुणी घेतले, अण्णांनी विचारलं.
मी कॅलेंडरवरचे लाल रविवार मोजत राहिलो
आणि हेरंब म्हणाला, मी.
नऊ वर्षांचा.
नऊ वर्षांचं पोर चारशे रुपयांचं काय करेल,
एवढा विचार अण्णांनी केला नाही.
मी केला होता.

पाठचा भाऊ म्हणतात आमच्यात.
माझ्या पाठीवर जन्मला,
पट्टा त्याच्या पाठीवर बसला,
आणि मी पाठ फिरवली ती थेट या उत्तर समुद्रापर्यंत.

धाकटा बोलत नाही त्या पानाच्या समासात
मी पेन्सिलीनं लिहिलं,
मुद्दाम मराठीत, कुणाला कळू नये म्हणून :
पैसे मी घेतले होते.
काउंटरवरच्या डेनिसनं सवयीनं पुस्तक फटीत घातलं,
अंगठ्यानं रेटून पाहिलं.
नाही जायचं हे, म्हणाली.

पाचवा होता ओबानचा रुअरी, वय चौदा.
तीन आठवड्यांनी त्याचं पाकीट दारातून आत पडलं,
आत आलेखाचा कागद.
तुमच्या खुणा चित्रासारख्या आहेत, लिहिलं होतं,
मी उतरवून काढल्यात, बरोबर जमल्या का?
भाऊ बोटीवर असतो, त्यालाही पाठवणार आहे.

एकेका चौकोनात एकेक अक्षर, जीव लावून काढलेलं.
ध चा मा झालेला ऐकून होतो,
इथे घ चा ध झाला होता.
आणि शिरोरेघ नव्हतीच.
ती त्याला वरच्या छापील ओळीखाली
मी मारलेली खूण वाटली असणार.
अक्षरं नुसती उभी,
दोरी तुटलेल्या कपड्यांसारखी.

रात्री स्वयंपाकघरात पट्टी शोधली.
ध तसाच राहू दिला.
वर रेघ तेवढी ओढली.

मिरजेचा पत्ता पाठ होता.

फटीतून पाकीट असं गेलं की डेनिसनं वर पाहिलं.
परदेशी जातंय, म्हणाली, आत काही किमतीचं?
चारशे, मी म्हणालो.
पौंड?
मागे रांग वाढत होती,
कुणाच्या तरी टोपलीत दूध, पाव, मांजराचं खाणं.