शून्याचा रकाना

रात्री दोनला, चारला, सहाला
मी बादलीतले मासे मोजते.
पंपाच्या तोंडाशी जाळी, जाळीमागे हौद,
हौदामागे मी,
कपाळावर दिवा, हातात चाळण
आणि एक तक्ता, ज्यात प्रत्येक माशाला रकाना आहे.

पट्टेरी बास: २१
शॅड: २०६
केसाळ पंजांचा खेकडा: १, रागावलेला
स्मेल्ट: ०

तीन हिवाळे हे शून्य काढते आहे.
आता ते माझ्या सहीसारखं वळणदार येतं.

बोटाएवढा मासा. पाठीतून पलीकडचं दिसावं इतका विरळ.
हातात धरला की काकडीचा वास.
लुझविमिंदा, जिने मला हे काम शिकवलं,
डोळे मिटून नुसत्या वासावर ओळखायची.
गोडं आणि खारं पाणी जिथे एकमेकांत मुरतं
तेवढ्याच पट्ट्यात तो जगतो.
आम्ही पंप जोरात लावले की पट्टा वर सरकतो,
समुद्र एक पायरी चढतो,
नदी उलटी वाहते.
ही म्हण नव्हे,
नकाशावर बाण काढून दाखवतात.

माझे आजोबा इथल्याच बेटावर ॲस्पॅरॅगस कापायचे.
तेव्हा हा मासा कुणी मोजत नसे.
मूठमूठ तळायचे, डोक्यासकट.

शून्य म्हणजे पंपांनी एकही मारला नाही.
शून्य म्हणजे मारायला एकही उरला नाही.
तक्त्यात दोन्ही सारखेच दिसतात.
साहेब पहिलं वाचतात.
मी, पहाटे चारला, दुसरं.

दक्षिणेला तीन तासांवर माझी बहीण मरीसेल.
तिच्या बोअरनं जुलैत वाळू दिली, मग हवा,
मग काहीच नाही.
अंगणात काळी टाकी, गुरुवारी टँकर.
भांड्यांचं पाणी संडासाला,
पोरांच्या अंघोळी एकाच टबात, एकामागून एक;
धाकट्याचा नंबर शेवटी, म्हणून तो रडतो.
नवरा एफ्रेन बदामाच्या बागेत.
बागेला पाणी तर एफ्रेनला काम.
थँक्सगिव्हिंगला टर्की कापता कापता त्यानं विचारलं,
"काय म्हणतोय तुझा मासा?"
सगळे हसले. मीही हसले.
कालवा बदामाला जातो, तुझ्या नळाला नाही,
हे ओठांवर आलं होतं.
पण टर्की चांगली झाली होती.
तेव्हापासून तो मला पाण्यात पाहतो.
तसं पाहिलं तर माझी जागा तीच आहे.

आज धुकं इतकं की हौदाची पलीकडची कड नाही.
चारची बादली.
बास, बास, शॅड, गवताची काडी,
आणि काडी हलली.
दिवा खाली केला. पुन्हा पाहिलं.
मग डोळे मिटले.

काकडी.

नियम असा: एक लिहिला की फोन,
फोन झाला की पंप हळू,
पंप हळू की कालवा खाली,
आणि महिन्याभरानं कुणीतरी एफ्रेनला सांगतं,
सोमवारपासून येऊ नकोस.
वरच्या ऑफिसात याला पाणी सोडणं म्हणतात.
कुणी कशावर सोडलं,
त्याला तक्त्यात रकाना नाही.

थंडीनं पेन अडलं होतं. तळहातावर घासलं.
सवयीनं हात शून्याच्या वळणाला लागलाच.
गोल पुरा झाल्यावर भानावर आले,
मग त्यालाच खाली शेपूट ओढलं.

पंपांचा आवाज एक सूर उतरला.
इतकी वर्षं तो आवाज होता
हे तेव्हा कळलं.

मासा आता गार पाण्याच्या डब्यात, ट्रकची वाट बघत.
जगेल का, माहीत नाही. बरेचसे जगत नाहीत.
मी हात धुतले नाहीत.
आज गुरुवार.
उजाडलं की मरीसेलला फोन करायचा,
टँकर आला का विचारायला.